पहिली पोळी आणि चौदा उपाशी

"कुमुद, पहिली पोळी गाईची. मग देवाचा नैवेद्य, मग घरच्यांची पानं, आणि आपलं पान सगळ्यांत शेवटी. एवढं एक चुकवू नकोस हं."

बावीस वर्षांपूर्वी अंथरुणावर पडल्या पडल्या सासूबाईंनी मला हे सांगितलं, आणि मी त्यांच्या हातावर हात ठेवून "हो" म्हटलं. मग त्यांनी आपल्या लेकाला आत बोलावलं, मला दार ओढून घ्यायला सांगितलं आणि त्यांनाही काहीतरी सांगितलं. काय सांगितलं म्हणून मी नंतर विचारलं, तर हे म्हणाले, "आईचं नि माझं आहे," आणि पेपर उघडून बसले. आमच्या घरात पेपर उघडला की संभाषण संपतं.

माझं व्रत तसं साधं. रोज सकाळी पहिली पोळी गाईच्या मुखी लागल्याशिवाय मी अन्न घेत नाही. चहा-दूध चालतं, फळ चालतं. धुळ्यात यात अवघड असं काहीच नाही, कारण विष्णू गवळ्याची गाय रोज साडेआठच्या ठोक्याला आमच्या फाटकाला शिंग घासते. हे तिला 'बाईसाहेब' म्हणतात. उशीर झाला तर ती फाटकाची कडी वाजवते. वीज कंपनीतल्या तीस वर्षांच्या नोकरीत इतकं वेळेवर येणारं कुणी आपण पाहिलं नाही, असं यांचं मत आहे. थोडक्यात, बावीस वर्षं मी ज्याला माझं व्रत समजत होते, ते खरं म्हणजे बाईसाहेब चालवत होत्या. हे मला इंदूरला जाऊन कळलं.

इंदूरला माझ्या थोरल्या बहिणीच्या, प्रेमाताईच्या मुलीचं, शिखाचं लग्न होतं. ताई सुदामा नगरात राहते. फोनवर तिनं साड्या, दागिने, केटरर सगळं सांगून झाल्यावर मी एकच प्रश्न विचारला.

"ताई, तुमच्याकडे गाय आहे ना गं?"

"काय?" माझा आवाज मुळात असा, की भाजीवालाही दोनदा विचारतो.

"गाय. रोजच्या पोळीसाठी."

"अगं कुमे, गायींना काय तोटा! आमच्या गेटासमोर तर बसलेलीच असते!"

मी निर्धास्त झाले. शिखाच्या बारशाला गेले होते तेव्हा त्या गेटासमोरच्या गाईनं माझ्या हातातली पोळी तर खाल्लीच, वर ओटीचं खोबरंही नेलं होतं.

लग्नाच्या दिवशी साडेआठला बाईसाहेबांना पोळी देऊन आम्ही पावणेनऊच्या बसनं निघालो. मुलीची सख्खी मावशी ऐन लग्नाच्या दिवशी येते, यावरून ताईचा आवाज फोनवर चढला होता. पण मुहूर्त गोरज होता, संध्याकाळी सहा पंचवीसचा, आणि आम्ही तीनपर्यंत पोहोचणार होतो. आग्रा रोडवर मानपुरला चहाला थांबलो, तर रस्त्याच्या कडेला तीन गाई निवांत बसलेल्या.

"देऊन टाक उद्याची," हे म्हणाले. डब्यात प्रवासाच्या पोळ्या होत्या.

"आजची दिली ना. उद्याची उद्या."

"ॲडव्हान्स समज."

"व्रतात ॲडव्हान्स नसतो."

हे वाक्य मी फार तोऱ्यात बोलले. देव असली वाक्यं कुठेतरी टिपून ठेवत असावा.

लग्न अतिशय सुरेख झालं. अंतरपाट दूर झाला तेव्हा शिखा आणि यशवर्धन एकमेकांकडे बघून इतकं हसले, की गुरुजींनाही हसू आलं. यशवर्धनची मंडळी इंदूरचीच, म्हणजे मराठी बोलता बोलता हिंदीत जाणारी आणि हिंदीत असतानाच परत येणारी. त्याचे काका विक्रम, ट्रान्सपोर्टवाले, आमच्याजवळ येऊन म्हणाले, "मौसाजी, कल का दिन हमारा! उद्या तुम्हाला पूरा इंदूर फिरवतो. नवरा-नवरीचं गणपतीदर्शन पण होऊन जाईल. सुबह आठ बजे, रिकाम्या पोटी तयार राहा, पोहे-जिलबी खायची आहे!"

यांचा चेहरा उजळला. पोहे-जिलबीचं नाव काढलं की निवृत्त माणसाचा चेहरा कसा होतो, ते पाहण्यासारखं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून, आंघोळ-जप उरकून मी ताईच्या स्वयंपाकघरात पहिली पोळी केली, तूप लावलं, गुळाचा खडा ठेवला आणि गेटाशी गेले. रस्ता असा स्वच्छ, की त्यावर कणीक मळावी. गाय नव्हती. कोपऱ्यापर्यंत गेले. पलीकडच्या गल्लीत गेले. गाय काय, शेणाचा डागही नव्हता.

"ताई, गाय कुठे आहे गं?"

ताई दात घासता घासता विचारात पडली. "खरंच की. बरेच दिवस दिसली नाही."

"किती दिवस?"

"आता..." तिनं बोटं मोजली. "आठ वर्षं झाली असतील."

शहर स्वच्छ करायला घेतलं तेव्हा मोकाट जनावरं बाहेर गेली, हे सगळ्या इंदूरला माहीत होतं. ताईलाही माहीत होतं. तिच्या गेटासमोरची गाय त्यात मोडते, एवढंच तिच्या लक्षात आलं नव्हतं.

शेजारपाजारचे जमले. हळद उतरली तरी लग्नघरात सल्ल्याचा उत्साह उतरलेला नसतो. एक म्हणाल्या, रांगोळीनं गाय काढा आणि तिच्यासमोर ठेवा. दुसऱ्या म्हणाल्या, कुत्र्याला घाला, आत्मा एकच. कुणाच्या मुलीनं तर सरळ धुळ्याला विष्णू गवळ्याला व्हिडिओ कॉल लावला. बाईसाहेब पडद्यावर आल्या, मी "ये गं" म्हटलं, आणि त्यांनी विष्णूचा फोन चाटला.

"झालं काम," हे म्हणाले. "चला पोहे खायला."

"पोळी इथं आहे नि तोंड तिथं," मी म्हटलं.

या सगळ्या गर्दीत ताईचे शेजारी रत्नपालजी मात्र गप्प उभे होते. मूळचे महूचे, आजोबा पलटणीत होते, स्वतः बँकेत अधिकारी. ताईच्या घरच्या प्रत्येक कामात ते असतात, म्हणून आमच्या सहलीतही होते. त्यांनी फक्त घड्याळ पाहिलं आणि खिशातल्या डायरीत काहीतरी लिहिलं.

आठ वाजता विक्रमजींची मोठी गाडी आली. आत नवरा-नवरी, यशवर्धनची आजी जनाबाई, आत्या, चुलत्या; आम्ही धरून चौदा माणसं. पोळीचा डबा मांडीवर घेऊन मी खिडकीशी बसले. वाटेत दिसेल एखादी, असं मनाशी म्हणत.

पोह्यांच्या दुकानासमोर गाडी थांबली. वाफेवरचे पिवळेधमक पोहे, वर शेव, जिरावण मसाला, डाळिंबाचे दाणे, शेजारी कढईतून निघणारी जिलबी. चौदा प्लेटी आल्या. मी माझी हळूच बाजूला सरकवली.

"मावशी खात नाहीत!" यशवर्धनच्या आत्यानं जाहीर केलं.

झालं. लग्नघरात माणूस जेवत नाही, याचा एकच अर्थ असतो. मुलाकडच्या बायका एकमेकींच्या कानाशी लागल्या. मानाची साडी हलकी निघाली का? ओटी भरायची राहिली का? मुलाकडचे रुसतात हे सगळ्यांना ठाऊक. पण मुलीकडची मावशी रुसल्याचं त्यांच्या घराण्यात कुणी ऐकलं नव्हतं. मी खुलासा करत होते, पण कढईच्या आवाजापुढे माझा आवाज तो काय! दोन मिनिटांत आत्यांनी पिशवीतून एक नवी कोरी साडी काढून माझ्या मांडीवर ठेवली. कुणासाठी आणली होती देव जाणे. मी परत केली, तर रुसवा मोठा आहे असं ठरलं, आणि साडीवर ब्लाउजपीस आलं.

शेवटी जनाबाई आजी काठी टेकत माझ्याजवळ आल्या आणि कान माझ्या तोंडाशी आणून म्हणाल्या, "बोल बाई. काय हवं तुला?"

"गाय," मी म्हटलं.

आजींनी मान वर केली. "विक्रम, हिला गाय हवी आहे."

सगळे गार पडले. साडीवरून एकदम गाईवर! विक्रमजी मात्र खानदानी माणूस. एक क्षण थांबून म्हणाले, "ठीक है. देऊ. जर्सी की देशी?"

मग यांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, हातातला चमचा न ठेवता सगळी हकीकत सांगितली. सुटकेचा जो निःश्वास पडला, त्यानं शेव उडाली असेल. मला वाटलं, चला, आता सगळे खातील. पण आजींनी आपली प्लेट खाली ठेवली.

"पाहुणी उपाशी, आणि आपण खायचं? आमच्यात नाही ही पद्धत."

आजींनी ठेवली म्हणून विक्रमजींनी ठेवली, काकांनी ठेवली म्हणून यशवर्धननं, त्यानं ठेवली म्हणून शिखानं. टपाटप तेरा प्लेटी खाली गेल्या. तेरावी यांची होती, आणि ती सर्वांत सावकाश गेली. "अहो, खा हो तुम्ही सगळे, माझी शपथ," असं मी चार वेळा म्हटलं. ऐकू कुणालाच गेलं नाही. पोहे बांधून घेतले. दुकानदारानं तीस वर्षांत पहिल्यांदाच भुकेली माणसं न खाता निघालेली पाहिली. तो बिचारा स्वतः चव घेऊन पाहत होता.

खाण्यावर जीव टाकणाऱ्या गावात मी तेरा माणसं उपाशी ठेवली होती. व्रतानं पुण्य मिळतं म्हणतात. माझ्या खात्यावर त्या सकाळी काय जमा होत होतं, कुणास ठाऊक.

"टेन्शन नका घेऊ मौसी," विक्रमजी म्हणाले. "इंदूर आहे हे. आत्ता जुगाड करतो." त्यांनी महापालिकेच्या तक्रारीचा नंबर फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर लावला.

"भिया," इंदुरी थाटात भय्याचं भिया करत ते म्हणाले, "गाय के बारे में फोन किया है."

"जी सर, कहाँ दिखी? लोकेशन बताइए, गाड़ी भेजते हैं."

"दिखी नहीं. दिख ही नहीं रही."

"तो सर, शिकायत क्या है?"

"हीच शिकायत आहे ना! पूरे शहर में एक गाय नहीं!"

"धन्यवाद सर," पलीकडचा आवाज भरून आला. "आपका फीडबैक आगे भेज देंगे."

यानंतर आम्ही इंदूर पाहिलं. म्हणजे इंदूरमधून गेलो. राजवाड्याचे सात मजले समोर होते, आणि चौदाही जणांच्या नजरा जमिनीपासून चार फुटांवर फिरत होत्या. लालबागेत माळ्यानं विचारलं, "क्या गुम गया?" खजरान्याला गणपतीचं दर्शन झालं, नवरा-नवरीनं जोडीनं हात जोडले, आणि काय मागितलंस विचारल्यावर यशवर्धन ओशाळून म्हणाला, "गाय." अन्नपूर्णेच्या देवळाजवळ एका दुकानात पितळेची गाय-वासरू दिसली. आत्यांनी ती माझ्यापुढे धरली आणि आशेनं माझ्याकडे पाहिलं. मी पोळीचा डबा आणखी घट्ट धरला. आत्यांनी गाय परत फळीवर ठेवली.

मग कुणाला तरी गोशाळा आठवली. शहराबाहेर एका ट्रस्टची. गाडी तिकडे. फाटकातून दोनशे गाई दिसत होत्या! मला भरून आलं. डबा घेऊन मी पुढे झाले, तर काउंटरवरच्या गृहस्थांनी हात आडवा केला.

"माताजी, बाहर की रोटी अलाउड नहीं है. गायों का डाएट चार्ट है."

"एकच पोळी आहे हो. तूप लावलेली."

"घी तो बिलकुल नहीं. डॉक्टर साब ने मना किया है." त्यांनी भिंतीवरच्या काळ्या-पांढऱ्या चौकोनाकडे बोट दाखवलं. "ऑनलाइन गोग्रास कर दीजिए. वीडियो आ जाएगा."

"कुठल्या गाईचा?"

"जो अवेलेबल हो."

खास परवानगीचा एक फॉर्म होता. त्यात नाव, आधार, भेटीचे प्रयोजन, आणि शेवटचा रकाना 'संबंध'. विक्रमजींनी पेन तोंडात धरून बराच विचार केला आणि लिहिलं, 'श्रद्धेचा'. फॉर्म स्वीकारला गेला. पास सोमवारी मिळणार होता. त्या दिवशी रविवार.

गाडीत परतलो तेव्हा बारा वाजून गेले होते. मे महिन्याचं ऊन. गाडीभर बांधलेल्या पोह्यांचा वास. नवरा-नवरीचं पहिलं भांडण होण्याच्या बेतात होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. उपाशी राहणं मला नवीन नाही, पण आज पोळी चुकली तर सासूबाईंच्या हातावर ठेवलेला माझा हात खोटा ठरणार होता. आणि पोळीपायी शिखाच्या सासरची माणसं उपाशी. हेही पाप माझ्याच पदरात.

तेव्हा रत्नपालजींनी डायरी मिटली. "वहिनी, सकाळपासून मी बोललो नाही, कारण आधी खात्री करून घेत होतो. मानपुरला माझे मामा आहेत, चांगदेव मामा. त्यांच्याकडे गाय आहे. आत्ता फोन लागला. गाय घरी आहे."

"पन्नास किलोमीटर!" हे म्हणाले.

"जवळच्या खेड्यात मिळेलही," रत्नपालजी म्हणाले, "पण 'मिळेल' यावर बँक कर्ज देत नाही. व्रताचं मला कळत नाही वहिनी, आमच्यात ते नाही. पण दिलेला शब्द कळतो. जायचं का?"

पुढच्या सीटवरून जनाबाई आजींनी काठी आपटली. "विचारतोस काय? चल!"

मानपुरात पोहोचलो तेव्हा दोन वाजले होते. चांगदेव मामा फौजेतून निवृत्त झालेले. ऐंशीच्या घरातले, पण दारात काठीसारखे ताठ उभे. "जय भीम मामा," रत्नपालजी वाकले. ओसरीवर बुद्धाची मूर्ती, शेजारी फौजेतला फोटो, आणि अंगणात कडुलिंबाखाली ती उभी होती. तांबूस, पाणीदार डोळ्यांची. नाव सोनी.

मी पदर सावरला, हळद-कुंकू लावलं, डबा उघडला आणि पोळी तिच्यापुढे धरली. तेरा माणसं श्वास रोखून उभी.

सोनीनं पोळी हुंगली. मग माझ्याकडे पाहिलं. मग तोंड फिरवलं.

माणसानं नाकारलं तर मनाची समजूत घालता येते. गाईनं नाकारल्यावर कुठे तोंड लपवायचं? मी गूळ पुढे केला. नाही. विक्रमजींनी जिलबी धरली. शेपटीसुद्धा हलली नाही.

"ती अशीच आहे," मामा अवघडून म्हणाले. "वासरू होती तेव्हा मी जेवता जेवता तिला भरवायचो. त्याची सवय लागली. मी घास घेतल्याशिवाय ती कुणाच्या हातचं खात नाही."

"मग तुम्ही घ्या ना घास!" आम्ही सगळे एकदम.

मामांनी कानाला हात लावले. "वा! पाहुणे उपाशी दारात उभे, आणि मी जेवू? रत्नपालचा फोन आला तेव्हाच ताट झाकून ठेवलं. आधी तुम्ही."

"आम्ही कुमुदच्या आधी नाही," जनाबाई आजी म्हणाल्या.

"आणि मी सोनीच्या आधी नाही," मी म्हटलं.

सोनीनं मामांकडे पाहिलं.

अंगणात निंबोळी पडलेली ऐकू आली. हे कपाळावर हात मारून म्हणाले, "गोल सर्किट झालंय हे! कुणीतरी तार तोडल्याशिवाय कुणाच्याच पोटात करंट जाणार नाही!"

यांच्या बोलण्यात कधी कधी अर्थ असतो. मी हातातल्या पोळीकडे पाहिलं. सकाळी सहाची, आता कडक झालेली. मी तिचे दोन भाग केले. अर्धी घेऊन मामांपुढे गेले आणि जन्मात पहिल्यांदा, स्वतःलाच दचकवील अशा आवाजात ओरडले,

"मामा, जेवा!"

आग्रा रोडवरचा एक ट्रकवाला वळून पाहायला लागला. पलटणीतल्या माणसाला हुकूम बरोबर कळतो. मामांनी मुकाट्यानं अर्धी पोळी घेतली आणि घास तोंडात घातला. त्याच क्षणी माझ्या दुसऱ्या हाताला ओला, खरखरीत स्पर्श झाला. सोनीनं तिची अर्धी उचलली होती. गुळासकट.

पहिली पोळी गाईची, असं सासूबाई म्हणाल्या होत्या. गाईचाही कुणी माणूस असतो, त्याचं काय, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. ते मी माझ्या जबाबदारीवर केलं. त्या रागावल्या नसत्या, असं मला वाटतं.

मग काय जेवलो आम्ही! मामांच्या नातीनं, संबोधीनं, चुलीवर वरण चढवलं होतं, आणि तुपात बुडवलेले बाफले, म्हणजे कणकेचे उकडून भाजलेले गोळे, हारीनं मांडले होते. बांधून आणलेले पोहे गार झाले होते. तेही सगळे संपले. विक्रमजी कडुलिंबाखाली आडवे होऊन म्हणाले, "भिया, असे पोहे मी इंदूरमध्ये कधी खाल्ले नाहीत." आत्यांनी ती साडी शेवटी माझ्याच पिशवीत कोंबली, ब्लाउजपीससकट.

हात धुताना हे माझ्याजवळ आले. पेपर जवळ नसल्यानं त्यांची अडचण झाली होती.

"आईनं तेव्हा मला काय सांगितलं माहितीये? म्हणाली, तिची पोळी चुकू देऊ नकोस, तिला एकटीला गाय शोधायला लावू नकोस. मी हो म्हटलं होतं." त्यांनी नळ उगाच दोनदा बंद केला. "बावीस वर्षं गायच दारात यायची. वाटलं, चाललंय बरं. आज पहिल्यांदा वेळ आली, तर मी चमचा धरून बसलो."

मी हात पुसायला पदर त्यांच्यापुढे केला. दिवसभराचा आवाज माझा वापरून झाला होता.

निघताना विक्रमजींनी आमचं परतीचं तिकीट परस्पर एक दिवस पुढे ढकललं. "आज इंदूर बघितलं कुठे तुम्ही? उद्या सकाळी आठ वाजता, परत पहिल्यापासून! पोह्यांपासून!" मी रिकाम्या डब्याकडे पाहिलं. उद्याची पोळी? मामा फाटकाशी उभे होते. ते यांच्याकडे बघून सहज म्हणाले, "माझी न्याहारी आठला असते. त्या वेळी सोनी कुणाच्याही हातचं खाते."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मला जाग आली ती लाटण्याच्या आवाजानं. नवशिक्या हातानं लाटणं फिरत होतं, मधूनच पोळपाटावरून घसरत होतं. मग करपल्याचा वास आला. तव्याला कुणीतरी दबक्या आवाजात दम दिला. मी पडून राहिले. जप करायचा सोडून ऐकत राहिले.

थोड्या वेळानं कडी वाजली, अगदी अलगद, घरातलं कुणी उठू नये म्हणून. मी खिडकीशी गेले. मे महिन्यातही गळ्यात मफलर अडकवून, काखेत पोळीचा डबा घट्ट धरून, हे सहाच्या मानपुरच्या बसला निघाले होते. स्वच्छ, रिकाम्या रस्त्यावर त्यांच्या चपलांचा तेवढा आवाज येत होता. कोपऱ्यावर थांबून त्यांनी डबा उघडून एकदा आत पाहिलं, पुन्हा झाकण लावलं आणि पावलं उचलली.

मी हाक मारली नाही.